भूत होण्याचा मान

भुताखेतांच्या गोष्टींची मला फारशी आवड नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. पिंपळावरच्या मुंज्याला मी लहानपणीही कधी भ्यालो नाही, आणि न भिणाऱ्याला भुताची गोष्ट म्हणजे मिठावाचून आमटी. असे असूनही चिलीच्या लेखिका इझाबेल आयेंदे यांची 'ला कासा दे लोस एस्पिरितुस', म्हणजे 'आत्म्यांचे घर', ही कादंबरी मी इंग्रजी भाषांतरातून दोन वेळा वाचली. पहिल्या वेळी भारून गेलो. दुसऱ्या वेळी रागावलो. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हा लेख.

पुस्तकाचा जन्मच मोठा हृद्य आहे. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्या दिवशी मरण पावलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे हे लेखिकेच्या वडिलांचे चुलतभाऊ. पुढे लेखिका व्हेनेझुएलात जाऊन राहिल्या. मायदेशी आजोबा शंभरीला टेकलेले, अंथरुणाला खिळलेले. त्यांना ८ जानेवारी १९८१ रोजी त्या पत्र लिहायला बसल्या, आणि ते पत्र लांबत लांबत १९८२ साली कादंबरी होऊन बाहेर पडले. दुरून आजोबांना लिहिलेल्या पत्रातला जिव्हाळा तिच्यात पानोपानी आहे. मात्र आजोबांना दुखवायचे नाही, हा संकोचही आहे, आणि माझ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

निवेआ, तिची मुलगी क्लारा, नात ब्लांका, पणती आल्बा अशा चार पिढ्यांच्या बायका. चारी नावांत शुभ्रता आणि उजेड आहे. क्लारा लहानपणी नऊ वर्षे मौन धरते, हात न लावता मिठाचे भांडे टेबलावरून सरकवते, झाकण न उघडता पियानो वाजवते. तिचा नवरा एस्तेबान त्रुएबा हा जमीनदार, कर्तबगार आणि कमालीचा संतापी.

या घरातली भुते घाबरवीत नाहीत. ती घरातलीच माणसे आहेत. फेरुलाचे प्रकरण पाहा. ही एस्तेबानची बहीण, म्हणजे क्लाराची नणंद. तरुणपण आजारी आईच्या सेवेत गेलेले, लग्न राहून गेलेले. अशी एखादी आत्या आपल्या ओळखीच्या किती घरांत होती! भावजयीवर तिचा जीव जडतो. भावाला ते सोसत नाही आणि तो तिला घराबाहेर काढतो. जाताना ती त्याला शाप देते. पुढे कित्येक वर्षांनी एका संध्याकाळी मंडळी जेवायला बसलेली असताना दार उघडते, फेरुला आत येते, क्लाराच्या कपाळाचे चुंबन घेते आणि आल्या पावली निघून जाते. कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग क्लारा एवढेच सांगते, की फेरुला वारली. त्यानंतर ती त्या दरिद्री वस्तीत जाऊन नणंदेचे प्रेत स्वतःच्या हातांनी स्वच्छ करते, सजवते. नणंद-भावजयीचे असे चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. केवळ या पानांसाठी पुस्तक विकत घ्यावे.

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ सालच्या थोर कादंबरीचे ऋण इथे जागोजाग दिसते, ही तक्रार पुष्कळांनी केली आहे. ती खरी आहे, पण मला तिचे फारसे वाटत नाही. पुढे काय होणार हे आधीच सांगून टाकण्याची लेखिकेची खोड मात्र त्रास देते.

माझी खरी तक्रार निराळी आहे. मुलीवरून झालेल्या वादात एस्तेबान क्लाराच्या तोंडावर मारतो. तिचे दात पडतात. त्या दिवसापासून ती मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. केवढा हा करारीपणा! आणि मेल्यावर? तिचे भूत त्या म्हाताऱ्याच्या सोबतीला येते, आणि त्याचा शेवट तिच्या सहवासात सुखाने होतो. त्याचा संताप जसजसा निवत गेला तसतशी ती त्याला स्पष्ट दिसू लागली, असे लेखिका म्हणते. तेवढी अट तिने घातली आहे. पण जिवंत बाईने जे दिले नाही ते तिच्या भुताकडून मिळवून द्यावे, हे मला पटत नाही. इथे मला नातीचा हात दिसतो.

याहून मोठा प्रश्न माझ्या आईने काढला. रात्री जेवणे झाल्यावर मी तिला ही कथा थोडी थोडी सांगत असे. तरुणपणी एस्तेबान आपल्या जमिनीवरच्या पांचा गार्सिया या कुळाच्या पोरीवर बळजबरी करतो. तिला मूल होते, त्याला तो नाव देत नाही. त्या मुलाचा मुलगा पुढे कर्नल होतो, आणि कैदेत पडलेल्या आल्बावर आजीच्या वाट्याला आलेलाच अत्याचार करून सूड उगवतो. आल्बाला त्या कोठडीत धीर द्यायला क्लारा येते. पांचा मात्र कधीच कोणाला दिसत नाही. भूत होऊन परत येण्याचा मान धन्याच्या घरात. कुळाच्या पोरीला तोही नाही.

लेखिकेला हे दिसत नव्हते असे मी म्हणणार नाही. सूडाची ही साखळी आपल्यापाशी तुटावी, असे आल्बाला शेवटी वाटते; आणि हे सारे लिहून काढण्याची कल्पना त्या म्हाताऱ्याचीच असते, स्वतःच्या पापांसकट.

आईला मी हेही सांगितले. तिचे लक्ष दुसरीकडेच होते. आमच्याकडे सर्वपित्रीला एक घास, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांच्या नावाने काढून ठेवतात. ती अवस दिवाळीच्या अवसेआधी बहुधा एक महिना येते. तेव्हा ती नुकतीच होऊन गेली होती.

"म्हातारा सुखानं गेला म्हणतोस," आई म्हणाली. "आणि त्या पांचाला पाणी कोणी दिलं?"

मी पुस्तक पुन्हा चाळून पाहिले. कोणी दिल्याचे मला आढळले नाही.