सुरतेचे नवागत आणि आमचे वाङ्मय

सुरत हे नाव कानी पडताच मराठी वाचकाच्या मनात जी चित्रे उभी राहतात ती मोजकीच आहेत. 1664 च्या जानेवारीतली पहिली लूट, 1670 च्या ऑक्टोबरातली दुसरी, आणि 1907 च्या काँग्रेसमधला तो सुप्रसिद्ध गोंधळ, ज्यात आमचा हातभार मंडपात उडालेल्या एका दक्षिणी जोड्याचा होता. तिन्ही प्रसंगी मराठी माणूस सुरतेस आला आणि काम उरकून परतला. जो आला आणि राहिला, त्याच्याविषयी आमचे ललित वाङ्मय बहुतेक मौन बाळगून आहे. ही उणीव केवळ विषयाची नव्हे, दृष्टीची आहे, असे आम्हांस वाटते.

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे शब्द तपासून घेण्याची खोड आम्हांस जडलेली आहे. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिलेला आहे. तेथे क्रियापदे दोन आहेत आणि ती दोन असण्यास अर्थ आहे. आमच्या शहरी कथाकादंबऱ्यांनी पहिल्या क्रियापदाचे सोने केले. जयवंत दळवींचे ‘चक्र’ 1963 चे, मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ 1969 ची. दोघेही कोकणचे, आणि दोघांनीही मुंबईच्या झोपडीतले राहणे असे दाखविले की वाचकास तो वास आणि तो चिखल विसरता येऊ नये. परंतु या परंपरेतून एक साचाही तयार झाला: गाव सुटले, शहराने गिळले, माणूस मोडला. या साच्यात राहणे मावते, स्थायिक होणे मावत नाही. शिवाय मुंबईत उतरणाऱ्या कोकण्यास निदान पाटीवरची अक्षरे तरी आपली भेटत. सुरतेस उतरणाऱ्यास शिरोरेघेवाचून लिहिलेली अक्षरे भेटतात.

असा एक नवागत मात्र आम्हांस फार पूर्वी लाभला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली छापून निघाले. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. आणि हा मराठीचा पाणिनी इंग्रजी शाळेतील शिक्षक म्हणून जाऊन बसला कोठे, तर गुजराती बोलणाऱ्या सुरतेत! तेथे दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांसह त्यांनी 1844 साली मानवधर्म सभा काढली. सभेची मते आमच्या वाचकांपैकी कित्येकांस रुचणार नाहीत. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. परक्या गावी गेलेला मनुष्य बहुधा आपल्या जातभाईंची खोली शोधतो, आपल्या बोलीचे चार जण जमवितो आणि शहराकडे पाठ करून बसतो. दादोबांनी परभाषी मित्र जोडले आणि त्या गावच्याच धर्मव्यवहारावर त्या मित्रांबरोबर वाद मांडला. आपण येथले आहोत असे ज्यास वाटते तोच गावाशी असे भांडतो. 1846 मध्ये ते मुंबईस परतले, 1852 मध्ये मेहताजी राजकोटास गेले आणि सभेचे तेज ओसरले. अवघ्या काही वर्षांचा हा वास, पण त्यास नुसते राहणे म्हणणे आम्हांस जड जाते.

दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून 1947 साली प्रसिद्ध केले. तिकडे सुरतेचा नर्मद शिक्षणासाठी मुंबईस गेला, आणि त्याने 1866 साली लिहिलेली आत्मकथा त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने लोकांपुढे आली. एक मुंबईहून सुरतेस, दुसरा सुरतेहून मुंबईस. दोघांच्याही हकिकती आम्ही वर्षानुवर्षे पेटीत ठेवल्या. परगावी गेलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची उभय प्रांतांस घाई नव्हती, एवढे म्हणून पुढे जाऊ.

काका कालेलकरांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. बेळगावकडचे हे सारस्वत घराणे. साताऱ्यास जन्मलेला हा मनुष्य गांधींच्या आश्रमात गेला आणि ‘सवाई गुजराती’ ठरला. 1965 चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना मिळाले ते गुजराती लेखक म्हणून. त्यांच्या गद्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरीही दुधात विरघळलेल्या साखरेस दुधाविषयी विचारून काय उपयोग? नवागताची अडचण, त्याचे अडखळणे, त्याचा अपमान हे सारे विरघळण्याबरोबर नाहीसे होते. आणि वाङ्मयास हवे असते नेमके तेच.

आता आजच्या सुरतेकडे वळू. 1991 साली सुमारे पंधरा लाख असलेली शहराची वस्ती 2011 च्या शिरगणतीत चव्वेचाळीस लाखांपलीकडे गेली. यात ओडिशाचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत, आणि लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबारकडचा खानदेशी समाज फार मोठ्या संख्येने आहे. लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या या माणसाची कहाणी मुंबईच्या साच्यात बसत नाही, याची कारणे भूगोलातच आहेत. ज्या तापीच्या काठी तो जन्मला तीच तापी त्याला सुरतेत भेटते. 2006 च्या ऑगस्टात शहर बुडाले ते वरून, त्याच्याच मुलुखाकडून आलेल्या पाण्याने. उधन्याहून निघालेली गाडी नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास पोचते. वाटेवरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. ज्यास घर इतके जवळ, त्याचा वनवास कसला? आणि घर इतके जवळ असूनही जो जात नाही, त्याच्या मनात काय असावे? कादंबरीकाराने हात घालावा असा प्रश्न हा आहे.

आणखी एक गोष्ट. 1 मे 1960 पूर्वी सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते. 1958 साली सुरतेस आलेला खानदेशी माणूस दोन वर्षांनी जागचा न हलता परप्रांतीय झाला. कायद्याच्या एका कलमाने माणसाचे नाते असे बदलते, हे आम्हां वकिलांस नवे नाही. कथाकारांस मात्र ते अद्याप दिसलेले नाही. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यांतले पुष्कळ परतलेही. आमच्या मते त्यांच्या स्थायिक होण्याची खरी तारीख ते प्रथम आले ती नव्हे, परतले तीच होय.

श्रावणात या वस्त्यांतून कानबाई बसते. नारळाची स्थापना, रात्रभर गाणी, रोटांचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मिरवणूक आणि विसर्जन. रोट भाऊबंदांतच खावयाचा असतो. म्हणजे परगावी कानबाई बसवावयाची तर रोट संपविण्याइतके भाऊबंद तेथे असावे लागतात. या नियतकालिकाच्या वाचकांस हे फोड करून सांगावयास नको. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. आज त्या स्थळांस कोणी परकी म्हणेल काय? दादोबांचे आत्मचरित्र उजेडात आणणारे प्रियोळकर त्या प्रियोळचेच, हा योगायोग आम्हांस उगीच सुखावतो. फरक एवढाच की तेथे देवाच्या मागोमाग भक्त गेले, येथे पोटाच्या मागोमाग देवी आली.

असे पुस्तक लिहिले जाईल तेव्हा त्याची भाषा कोणती असावी? प्रमाण मराठी म्हणावी तर ही माणसे घरी अहिराणी बोलतात, आणि कारखान्यात गुजराती व हिंदी. शब्द ओळखीचे वाटतात तेथेच फसवितात. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, ज्यास काम नाही असा. शेजारणीने सहज ‘नवरी छो?’ म्हणून विचारले तर नव्याने आलेल्या सुनेने काय उत्तर द्यावे! नावांचेही तेच. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडील, आडनाव या क्रमाने आलेला मुलगा रेशनकार्डावर आडनाव पुढे घेऊन आणि ‘भाई’ मागे लावून येतो, आणि दोघे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करावयास बापाला दिवसाची मजुरी बुडवून वकिलाकडे यावे लागते. अशी प्रतिज्ञापत्रे आम्ही पुष्कळ लिहिली. त्यांची भाषा रुक्ष असते, पण ‘मी तोच आहे’ हे वाक्य त्यांत हटकून येते.

संविधानाच्या 350-अ अनुच्छेदाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा भार राज्यावर व स्थानिक संस्थांवर टाकला आहे, आणि सुरत महानगरपालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या आहेत. तेव्हा लेखक तेथूनच निघावा अशी आमची अपेक्षा आहे. पुण्यामुंबईहून चार दिवस येऊन, टिपणे घेऊन जाणाऱ्याने हे पुस्तक लिहू नये. तशा स्वाऱ्या सुरतेने पूर्वीच पाहिल्या आहेत.