खोट्याचा जामीनदार

नागपूरच्या राजकुमार हिरानींचे सिनेमे निर्मळ म्हणून नावाजले जातात. पण त्यांच्या गुन्हेगारी विनोदपटांचा पाया थापांचाच आहे. 'मुन्नाभाई एमबीबीएस'मध्ये (२००३) एक दादा आईवडिलांना दाखवायला आख्खं खोटं रुग्णालय थाटतो. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) त्याच्याही पुढे जातो. तिथे गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात, आणि भर पत्रकार परिषदेत उघड होतं की मुन्नाला जे ठाऊक नाही ते या गांधीजींनाही ठाऊक नाही. इतका वेळ आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो, त्याच्या डोळ्यांचाच भरवसा नाही, हे एवढ्या हसऱ्या सिनेमाने कबूल करणं धाडसाचं होतं. पण हिरानी लगेच हात आखडता घेतात. शेवटी खलनायक लकी सिंगलाही गांधीजी दिसतात, आणि दुसरा साक्षीदार मिळाल्यावर भासाचा दृष्टांत होतो. आपल्या गुन्हेगारी विनोदपटाचं दुखणं मला इथेच दिसतं: निवेदक खोटा चालतो, पण त्याच्यासाठी सिनेमा स्वतः जामीन राहतो.

'संजू'मध्ये (२०१८) हे दुखणं बळावलं. सामग्री मात्र विलक्षण होती. अभिनेता संजय दत्त स्वतःची गोष्ट चरित्रकार विनीला सांगतो. मित्र कमलेश आपली बाजू मांडतो. त्याआधी एक खुशमस्कऱ्या लेखक संजयची तुलना थेट गांधीजींशी करतो आणि हाकलला जातो. एवढे सांगणारे समोर असताना कुणाचं खरं, हा प्रश्न पटकथेनेच विचारलेला आहे. मग नायक बायकोच्या देखत बायकांचा आकडा सांगतो, नशेची कबुली देतो, आणि या धिटाईच्या बळावर बेकायदा बंदूक बाळगल्याच्या प्रकरणातही आपण त्याचंच खरं मानावं अशी सोय होते. याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शस्त्र कायद्याखालचा दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. सिनेमाचा राग मात्र त्याच्यावर संशय घेणाऱ्या वर्तमानपत्राच्या मथळ्यातल्या प्रश्नचिन्हावर. पहिल्या संकलनात नायक लोकांना रुचेना म्हणून सहानुभूती वाढवणारी दृश्यं घातली, असं हिरानींनीच पुढे सांगितलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या दिग्दर्शकाने साक्षीपुराव्याचीही काटछाट केली म्हणायची. हिरानींनी आपल्याच मित्राच्या आयुष्यावर काढलेल्या सिनेमाकडून उलटतपासणीची अपेक्षा कशाला, असं कुणी विचारेल. पण चरित्रकार, मित्र, मुलाखत हा कोर्टाचा थाट हिरानींनीच मांडला आहे. तो मांडून फक्त बचावाच्या वकिलाला बोलू देणं ही कलेतली लबाडी ठरते.

विनोदाला भरवसा लागतो, प्रेक्षक गोंधळला की हसणं थांबतं, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सचिन पिळगांवकरांची 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) त्याच्या बाजूने उभी राहते: कोण कुणाला फसवतंय हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, म्हणूनच मजा येते. पण 'संजू'नंतर काही महिन्यांतच श्रीराम राघवन यांचा, पुण्यात घडणारा 'अंधाधुन' आला. अंधत्वाचं सोंग घेतलेला पियानोवादक खून पाहतो आणि मौन पाळतो. पुढे परदेशात तो मैत्रीण सोफीला आपली कहाणी ऐकवतो, ससा आणि शिकाऱ्यासकट, आणि नंतर रस्त्यातला डबा काठीने असा नेमका उडवतो की कहाणीतलं खोटं कुठून सुरू झालं तेच कळेनासं होतं. त्याच्यासाठी कुणीच जामीन राहत नाही. तरी थिएटरं भरली, आणि लोक वाद घालत बाहेर पडले. गोंधळामुळे हसू आटलं असतं तर हे झालं नसतं.

मराठीत ही वाट उमेश कुलकर्णींच्या 'वळू'ने (२००८) फार कमी खटाटोपात दाखवली होती. तिथला आरोपी डुरक्या नावाचा बैल. गड्डमवार नावाचा वनाधिकारी त्याला धरायला कुसवड्यात येतो, सोबत माहितीपट करायला निघालेला भाऊ, आणि कॅमेरा समोर दिसताच जो तो आपल्या सोयीचा डुरक्या सांगू लागतो. सरपंच आणि त्यांचा विरोधक या दोघांच्या जबान्या ऐकताना बैलापेक्षा त्यांचं राजकारणच जास्त कळतं. या जबान्या जुळवून देण्याची सक्ती सिनेमा स्वतःवर करत नाही. मराठीतले नंतरचे बहुतेक विनोदपट मात्र पैशांची बॅग, दोन चोर आणि एक बावळट फौजदार यांच्यातच घुटमळले. त्यांत पात्रं एकमेकांना फसवतात, आणि प्रेक्षकाला फसवायची वेळ आली की सगळेच सज्जन होतात.