अफगाणींचे डार्विन-खंडन

उत्क्रांतिवादाविरुद्ध मुस्लिम धर्मोपदेशकांनी जे वाङ्मय निर्माण केले त्याचा शोध घेण्यासाठी थेट कैरो वा इस्तंबूल गाठण्याची आवश्यकता नाही. मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता त्या निजामाच्या हैदराबादेतच सय्यद जमालुद्दीन अफगाणी यांनी १८८१ साली ‘नैचरी’ म्हणजे निसर्गवादी पंथाच्या खंडनार्थ एक फार्सी निबंध लिहिला. १८८६ साली मुहंमद अब्दुह यांनी तो अरबीत नेला आणि १९६८ साली निक्की केडी यांच्या ग्रंथातून तो इंग्रजी वाचकांपुढे आला.

निबंधाचा खरा रोख डार्विनवर नाही. १८७५ साली अलीगढचे विद्यालय स्थापन करणारे सर सय्यद अहमद खान आणि त्यांचे अनुयायी यांना ‘नैचरी’ म्हटले जाई. इंग्रजी सत्तेशी जुळवून घेणारा हा पंथ मुस्लिम समाजाची वीण उसवील, ही अफगाणींची भीती होती. ती समजून घेतल्यावाचून निबंधाचा आवेश कळत नाही. परंतु ती समजली म्हणजे त्यातील युक्तिवाद सिद्ध झाले, असे मात्र होत नाही.

युक्तिवाद पाहावेत. डार्विनच्या मताप्रमाणे कालांतराने पिसवेचा हत्ती होऊ शकेल, असा उपहास अफगाणी करतात. ही निव्वळ विपर्यस्त मांडणी होय. आज हयात असलेल्या एका प्राण्यापासून दुसरा निपजतो असे डार्विनने म्हटलेले नाही, दोघांचे पूर्वज समान असे म्हटले आहे. हिंदुस्थानच्या अरण्यांत एकाच मातीत, एकाच हवापाण्यावर वाढणारे वृक्ष परस्परांहून भिन्न का, हा त्यांचा दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. परंतु एकाच जागी अनेक जीव स्पर्धेत असले म्हणजे भिन्नतेलाच लाभ होतो, हे उत्तर १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये अगोदरच दिलेले होते. ते अफगाणींनी पाहिल्याचे निबंधावरून दिसत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत मनोरंजक आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेपटी कापल्यास कुत्र्यांना बिनशेपटीची पिल्ले होतात, हे विधान डार्विनच्या माथी मारून ते विचारतात, की अरब व यहुदी यांच्यात सहस्रावधी वर्षे सुंता चालत असता तसे का घडले नाही? आक्षेप बिनतोड आहे! १८८० च्याच दशकात जर्मन शास्त्रज्ञ वाइसमान यांनी उंदरांच्या शेपट्या कापून हाच निष्कर्ष काढला. मात्र या आक्षेपाने घायाळ होतो तो संपादित गुण वंशात उतरतात हा समज; नैसर्गिक निवडीचे तत्त्व अबाधित राहते. बाण नेमका, लक्ष्य चुकीचे, असा हा प्रकार आहे. प्रतिपक्षाचा ग्रंथ नीट वाचण्याचा धीर असता तर हाच बुद्धिमान लेखक केवढे काम करून गेला असता!

तो धीर लेबनॉनमधील त्रिपोलीचे शेख हुसेन अल्‌-जिस्र यांच्यापाशी होता. १८८८ च्या ‘रिसाला हमीदिया’त ते उत्क्रांती सिद्ध झाली असे मानीत नाहीत, परंतु निर्णायक प्रमाण मिळाल्यास कुराणवचनांचा वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थ घ्यावा, असे ते स्पष्ट सांगतात. श्रद्धा तीच, पण प्रमाणासाठी दार उघडे.

यानंतर २००६ चा ‘अॅटलास ऑफ क्रिएशन’ हाती घेतला म्हणजे मन खिन्न होते. तुर्कस्तानातील अदनान ओक्तार यांनी ‘हारून याह्या’ या नावाने काढलेला हा अवजड, चकचकीत ग्रंथ २००७ साली युरोपातील शाळांना न मागता पाठविण्यात आला. जीवाश्मांशेजारी हयात प्राण्यांची चित्रे देऊन काहीच बदलले नाही, असे त्यात ठरविले आहे. त्यांतील एक ‘हयात’ कीटक म्हणजे मासे पकडण्याची कृत्रिम माशी असून तिचा गळही चित्रात दिसतो! अफगाणींजवळ निदान तर्क होता.

हा दोष एका धर्माचा नव्हे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ साली उत्क्रांती शिकविल्याबद्दल शिक्षकावर खटला झाला. आपल्याकडे २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनला चूक ठरविले, तेव्हा तीन विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावे लागले. म्हणून धर्मोपदेशकाची परीक्षा त्याच्या निष्कर्षावरून न करता, प्रतिपक्षाचे म्हणणे तो किती प्रामाणिकपणे मांडतो यावरून करावी. त्या कसोटीवर उतरणाऱ्या जिस्र यांच्या ग्रंथाचा सविस्तर परिचय एखाद्या अरबीज्ञ मराठी अभ्यासकाने करून दिल्यास ते मोठेच कार्य होईल.