सूत्र आले, घनता राहिली

‘वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता’ हे वाक्य आठवी-नववीचे बहुतेक विद्यार्थी न अडखळता म्हणतात. त्यांनाच विचारावे : भाताचा एक भरलेला दाणा पाण्यात बुडतो, पण मूठभर पळंज, म्हणजे पोचट दाणे, तरंगतात, असे का? ‘पळंज हलके म्हणून’ हे उत्तर ठरलेले. पण मूठभर पळंज एका दाण्याहून उघडच जड आहे! ‘जड ते बुडते’ ही समजूत सूत्र पाठ झाल्यावरही शाबूत राहते. यात दोष विद्यार्थ्यांचा नसून आपल्या शिकवण्याच्या क्रमाचा आहे, असे आम्हांला वाटते.

2018 साली आलेल्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात घनता ‘बल व दाब’ या पाठात येते. व्याख्या व एकक तेथे नेमके आहे. मात्र दाब, प्लावक बल, आर्किमिडीजचे तत्त्व यांच्या गर्दीत ती आणखी एक राशी ठरते. वर्गात मग व्याख्या, सूत्र आणि दोन उदाहरणे एवढ्यावर काम भागते. दोन राशींचे गुणोत्तर घ्यावेच का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भाषाही अडचणीत भर घालते. ‘लोखंड कापसापेक्षा जड’ असे म्हणताना आपण वस्तुमान आणि घनता या दोहोंना एकच शब्द वापरतो.

कर्जत-खालापूरच्या शिक्षकांना याचे उत्तर शिवारातच मिळेल. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ हे भाताचे वाण तिथलेच. पेरणीपूर्वी भाताचे बी मिठाच्या 3 टक्के द्रावणात टाकावे, अशी शिफारस आहे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचे, ढवळायचे, तरंगणारे बी काढून टाकायचे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. शाळा उघडतात त्याच सुमारास हे काम घरोघरी निघते.

यात घनतेचा सारा धडा आहे. पोचट व भरलेल्या दाण्याचे टरफल जवळपास सारखेच, म्हणजे आकारमान तेवढेच. आत तांदळाऐवजी हवा असल्याने वस्तुमान कमी. मूठभर घेतले तर वस्तुमान वाढते, पण आकारमानही त्याच प्रमाणात वाढते. गुणोत्तर बदलत नाही. मीठही हेच शिकवते. 10 लिटर पाण्याचे वस्तुमान 300 ग्रॅमने वाढते, आकारमान मात्र जेमतेम 100 मिलिलिटरने. त्यामुळे घनता दर घनसेंटिमीटरला 1 ग्रॅमवरून सुमारे 1.02 ग्रॅम होते. साध्या पाण्यात बुडणारे काही अर्धवट भरलेले दाणे या द्रावणात वर येतात.

ढवळणे मात्र विसरू नये. टरफलाच्या कुसांना चिकटलेले हवेचे बुडबुडे चांगल्या दाण्यालाही तरंगत ठेवतात.

आमची सूचना एवढीच : आधी बादली, मग सूत्र. ‘भरलेला’ आणि ‘पोचट’ हे शब्द मुले घरूनच घेऊन येतात. त्यांत घनतेची अर्धी कल्पना आहे. उरलेली अर्धी मोजमापाने द्यावी. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला घरचे काम आणि पुस्तकातले विज्ञान वेगळे वाटू लागले, तर ते नुकसान परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा मोठे आहे.