दर बिटची बचत आणि महिन्याचं बिल

सर्व्हरमधल्या नव्या मेमरीबद्दल, म्हणजे २०२० साली मानक ठरलेल्या डीडीआर५बद्दल सांगतात: वेग जास्त, वीज कमी. माझा आक्षेप ‘कमी’ या शब्दाला आहे. कशाच्या मानाने कमी?

जुनी डीडीआर४ चालते १.२ व्होल्टवर, नवी १.१ वर. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दर बिटमागे साधारण १६ टक्के बचत. उत्तम! पण ३२०० ची गती ४८०० झाली, दीडपट. आता गुणाकार करा: ०.८४ गुणिले १.५, उत्तर १.२६. पूर्ण वेगाने राबवली, तर दर सेकंदाचा खर्च वाढलाच की! हिशेब ढोबळ आहे. पण दिशा कळते.

काम ठरावीक असेल, तर ते लवकर आटोपतं आणि बचत खरी ठरते. पण वाचलेल्या वेळात सर्व्हर रिकामा ठेवतो कोण? कोळशाबद्दल जेव्हन्सने १८६५ सालीच बजावलं होतं: इंजिन काटकसरी झालं, की कोळसा उलट जास्तच जळतो.

तेव्हा कोणी ‘कार्यक्षम’ म्हणालं, की एवढंच विचारा: छेदात काय धरलंय? बिट, की महिना? कारण बिल महिन्याचं येतं.