चाक आले, आव्याचे काय?

संक्रांतीला सुगड, अक्षय्य तृतीयेला घागर, नवरात्रात घट, दिवाळीला पणती. महाराष्ट्रातल्या कुंभाराचे वर्ष आजही सणावारांवर चालते. पण यातली बहुतेक भांडी पूजेपुरती घरात येतात आणि पूजा उरकली की बाहेर जातात. रांजणाची जागा स्टीलच्या पिंपाने घेतली, मडक्याची ॲल्युमिनियमच्या पातेल्याने. खानदेशात मांडे भाजायचे खापर अजून टिकून आहे. बाकी रोजच्या वापरात उरला तो माठ, तोही उन्हाळ्यापुरता.

या मातीला जुना वारसा आहे. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव इथल्या उत्खननांत तीन हजार वर्षांहून जुनी, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी सापडली. इनामगावात तर दगावलेल्या लहान मुलांना तोंडाला तोंड जुळवलेल्या दोन कुंभांत पुरत असत.

आधुनिक कलेने मात्र वेगळीच वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झिलईदार भांडी घडू लागली. ती संग्राहकांच्या कपाटांसाठी होती, माजघरासाठी नव्हे. आजची स्टुडिओ पॉटरीही बरीचशी त्याच वाटेने जाते. बाराशे अंशांच्या वर भाजलेले, पाणी न झिरपणारे स्टोनवेअर देखणे आणि टिकाऊ असते. त्यातल्या कप-बशा रोज वापरताही येतात, पण किंमत मोजकीच घरे देऊ शकतात.

कुंभाराचा आवा, म्हणजे त्याची पारंपरिक भट्टी, एवढा तापत नाही, म्हणून त्याचे भांडे सच्छिद्र राहते. ती उणीव मानली जाते. पण पाणी झिरपते, त्याची वाफ होते, म्हणूनच माठ गार राहतो. झिलई दिली की हा गुण संपला. प्रदर्शनांची परीक्षणे रंग-आकारावर रमतात, भांडे काय काम करते हे क्वचितच विचारतात. माठाला नळ बसवणे ही अलीकडची सर्वांत यशस्वी सुधारणा. ओगराळ्याची गरज संपली, माठ फ्लॅटच्या ओट्यावर चढला. तिचे परीक्षण कोणी लिहिले नाही.

सरकारी मदतीचा भर चाकावर आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या २०१८ पासूनच्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून विजेची चाके वाटली गेली. त्यांनी कष्ट खरोखरच वाचतात. माती मळणे, घोटणे, रंगवणे ही कामे परंपरेने बायकांची आणि चाक पुरुषाचे, ही वाटणीही हलक्या चाकामुळे बदलू शकते. पण चाक हा धंद्यातला एकच टप्पा. चांगली माती आणायची कुठून, आवा लावायचा कुठे, साच्यातल्या स्वस्त पणतीपुढे हातची पणती विकायची कशी, हे प्रश्न चाकाने सुटत नाहीत.

धारावीच्या कुंभारवाड्यात ही कोंडी सर्वांत स्पष्ट दिसते. सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे इथे पिढ्यान् पिढ्या पणत्या, माठ, कुंड्या घडवतात. घराला लागूनच आवा, त्याचा धूर शेजाऱ्यांच्या खिडक्यांत. तक्रार खोटी नाही. पुनर्विकासात घरे वरच्या मजल्यांवर गेली, तरी माल वाळवायला अंगण आणि भाजायला जागा जमिनीवरच लागेल. सामायिक गॅसभट्टी हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. मात्र तिचा इंधनखर्च दोन-चार रुपयांच्या पणतीतून निघणार नाही. त्यासाठी कुंभाराकडे वर्षभर खपणारे भांडे हवे.