आपत्काळातील हौशी बिनतारी आणि ठिकाणाचे नाव

सार्वजनिक क्षोभाच्या आणि संकटाच्या काळी हौशी बिनतारी संदेशकांनी बजावलेल्या कामगिरीविषयी जे लेखन आढळते, त्यात 1942 च्या ‘काँग्रेस रेडिओ’चा उल्लेख प्रायः चुकत नाही, आणि त्याच ओघात भूकंप, महापूर, त्सुनामी यांच्या वेळच्या साहाय्याची उदाहरणेही गोवलेली असतात. ही सारी एकाच परंपरेची कार्ये होत, असा वाचकाचा ग्रह होतो. यंत्रविद्येच्या दृष्टीने तो बराचसा बरोबर आहे. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने मात्र ती दोन टोके आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

1939 साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हौशी संदेशकांना आपले प्रक्षेपक सरकारच्या स्वाधीन करावे लागले होते. ऑगस्ट 1942 च्या अखेरीस उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत जे गुप्त केंद्र चालू केले, त्याचे यंत्र नरिमन प्रिंटर या जाणकाराने जुळविले होते. केंद्राची जाहीर तरंगलांबी 42.34 मीटर, म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्‌झ. आजही हौशी संदेशकांना नेमून दिलेल्या 40 मीटरच्या पट्ट्यातच ती पडते. एवढे साम्य मान्य करून त्या केंद्राचे उद्‌घोषवाक्य पाहावे. त्यात केंद्राचे नाव आहे, तरंगलांबी आहे. ठिकाणाच्या जागी मात्र भारतातील कोठूनतरी, एवढाच आशय आहे. हे अनिश्चित स्थलवाचक त्या वाक्याचे मर्म होय. सुरक्षिततेसाठी ते अवश्य होतेच. शिवाय हे केंद्र आपल्याही आळीत असू शकेल, असे श्रोत्यास वाटावयास लावणारेही होते. 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांना ठिकाण सापडले आणि केंद्र बंद पडले. उषाबेनना पुढे 4 वर्षांची शिक्षा झाली.

याच्या उलट 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे होत्या. तेथून त्यांनी संदेश दिले ते आपल्या आवाहनचिन्हानिशी. त्यातील ‘व्हीयू’ ही अक्षरे भारताची आणि पुढील 4 हा अंक अंदमान-निकोबारचा. म्हणजे संदेशकाने तोंड उघडताच ठिकाण सांगितले जाते. हौशी संदेशकाने आपली ओळख द्यावी, उघड भाषेत बोलावे, जनतेस उद्देशून प्रसारण करू नये, असे नियमच आहेत. दंगलीच्या वा राजकीय क्षोभाच्या प्रसंगी हे नियम पाळणारा संदेशक फार तर जखमींची वा अडकलेल्यांची वार्ता पोहोचवील. त्यापलीकडे जाऊ पाहील तर तो हौशी संदेशक राहत नाही. 1942 च्या केंद्राचे मोठेपण यामुळे उणावत नाही. पण ते निराळ्या जातीचे मोठेपण आहे, आणि सरसकट गौरवपर लेखनात हा भेद पुसला जातो.

तेव्हा संकटकाळी ठिकाणाचे नाव नि:संदिग्ध सांगणे हेच हौशी बिनतारीचे मुख्य भाषिक कार्य ठरते. ते मराठीत कितपत साधते? उदाहरणासाठी दूर जावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि विदर्भातील अकोला या दोन नावांत अंत्य स्वराचाच काय तो भेद. बोलण्याचे बिनतारी संदेश साधारणतः 300 ते 3000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात सामावले जातात. त्यात ‘स’सारख्या ऊष्म ध्वनींची हानी होते, पण ‘ए’ आणि ‘आ’ हे स्वर टिकून राहतात. येथे घात होतो तो ध्वनीने नव्हे, व्याकरणाने. नपुंसकलिंगी अकोले आणि पुल्लिंगी अकोला या दोहोंचे सामान्यरूप एकच: अकोल्या. ‘अकोल्यात दरड कोसळली’ हे वाक्य कितीही स्वच्छ ऐकू आले तरी संदिग्धच राहते. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने तर रोमन लिपीत या तालुक्याचे नावही अकोला असेच छापले आहे. (प्रस्तुत लेखकास आलेले एक पत्र विदर्भ पाहून आले, पाठविणाऱ्याने पिनकोड लिहिला नव्हता.)

ही शंका केवळ वैयाकरणाची नव्हे. कळसूबाईच्या, 1646 मीटर उंचीच्या शिखराच्या परिसरात सरळ रेषेत जाणाऱ्या लघुतम लहरी डोंगरांनी अडतात. दऱ्यांतून संदेश काढावयाचा तर त्याच 40 मीटरच्या पट्ट्यातील लहरी जवळजवळ सरळ वर सोडाव्या लागतात. त्या आयनावरणावरून परतून काहीशे किलोमीटरांच्या परिसरात उतरतात. अकोले आणि अकोला यांमधील सरळ अंतर सुमारे 340 किलोमीटर. म्हणजे तोच संदेश दोन्हीकडे ऐकू येण्याचा संभव आहे.

यावर उपाय म्हणून नाव प्रथमा विभक्तीतच उच्चारावे आणि जिल्हा जोडावा: ‘ठिकाण अकोले, जिल्हा अहिल्यानगर’. जिल्हा सोडता येणार नाही. याच जिल्ह्यातील कर्जत आणि रायगडातील कर्जत यांचा निवाडा कोणतीही विभक्ती करू शकत नाही. आंतरराष्ट्रीय वर्णसूचीने, म्हणजे ‘अल्फा, ब्राव्हो’च्या क्रमाने, अक्षरे सांगावीत असे कोणी सुचवील. अकोले-अकोल्यापुरते ते चालेल. पण ती सूची रोमन वर्णांची असल्याने ल-ळ, न-ण, त-ट या जोड्या तिच्यात एकरूप होतात. मराठीसाठी स्वतंत्र सूची करावयाची म्हटले, तर ‘ण’ व ‘ळ’ यांनी आरंभ होणारा रूढ शब्दच मराठीत नाही; आद्याक्षरावरून वर्ण ओळखविण्याचे तत्त्व तेथे लटके पडते. लहान मुलांच्या अंकलिपीने ही अडचण पूर्वीच ओलांडली आहे. तेथे ण बाणाचा असतो आणि ळ बाळाचा.